हे काम कुणाचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषयही सुचवला होता. "तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा एआयवर बोल." एआयवर बोलणारे आज प्रत्येक सोसायटीत दोन-तीन सापडतात, म्हणून मी दुसरा विषय मागून घेतला. आपल्या वेळापत्रकातला सगळ्यात दुबळा विषय, म्हणजे नागरिकशास्त्र. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली ती थोडीशी पानं. परीक्षा जवळ आली की आपण त्यांच्याकडे वळायचो. 'राष्ट्रपतींचे अधिकार लिहा', 'ग्रामपंचायतीची कामे सांगा' एवढं पाठ केलं की काम भागायचं.

या विषयावर बोलण्याचं कारण आपल्याच बॅचमध्ये आहे. आपली एक मैत्रीण बरीच वर्षं वकिली करत होती. आधी खालच्या कोर्टात, मग हायकोर्टात. व्यवसाय चांगला चालला होता. दोन वर्षांपूर्वी तिने तो थांबवला. आता ती दोन शाळांमध्ये नागरिकशास्त्र शिकवते आणि हा विषय मुलांपर्यंत कसा पोहोचतो, कुठे अडतो, यावर संशोधन करते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि नाव घेऊ नकोस असं तिने मला बजावलं आहे. म्हणून नाव घेत नाही, पण तिच्याविषयी आपल्या ग्रुपवर जे बोललं गेलं, त्याला आज उत्तर देणार आहे. "एवढं शिकून शेवटी नागरिकशास्त्र?" हा त्यातला सौम्य शेरा. घरच्यांनी विचारलं, "अगं, काळा कोट उतरवलास तो कशासाठी?" उत्पन्न किती घटलं, ते ती हसत सांगते. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नाही.

असं करणारी ती पहिली नाही. आपल्याकडे या वाटेवरून बरीच मोठी माणसं गेली आहेत.

बाळ गंगाधर टिळक १८७९ साली एल्‌एल.बी. झाले. त्या काळात वकिली म्हणजे पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही. टिळकांनी वकिली केली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले होते. त्यांच्याबरोबर टिळकांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. एम.ए. होऊन आगरकर त्यांना येऊन मिळाले. वर्षभराने, १८८१ च्या जानेवारीत, 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. आपण शाळा आणि वर्तमानपत्र ही दोन वेगळी कामं समजतो. त्यांच्या लेखी ते एकच काम होतं. मुलांसाठी वर्ग, मोठ्यांसाठी वर्तमानपत्र. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर दोघांना शिक्षा झाली आणि त्यांनी आपल्याच मुंबईत, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

टिळकांचा कायदा वाया गेला का? पुढे त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. त्या वर्गाला आणि 'मराठा'ला मदत म्हणून १८९६ साली साताऱ्याची वकिली सोडून न. चिं. केळकर पुण्याला आले. आणि १९०८ साली मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलत होते. शिक्षा झालीच, सहा वर्षांची. पण सरकारवर टीका करण्याचा हक्क कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हा धडा त्या भाषणातून वर्तमानपत्रं वाचणाऱ्या सगळ्यांनी घेतला. अशिलांसाठी वकिली न केलेल्या माणसाने आरोपीच्या पिंजऱ्यातून देशाची शिकवणी घेतली.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. घरची परिस्थिती ओढगस्तीची, त्यामुळे वकील होणं हा शहाणा मार्ग होता. त्यांनी तो सोडला आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. अंकगणिताचं त्यांचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं शाळांतून चाललं. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. लोकांचं राजकीय शिक्षण हे त्याचं मुख्य काम. त्यात येणाऱ्या तरुणाला आधी पाच वर्षं शिकावं लागे. त्या काळात सभेत भाषण करायची मुभा नसे. आधी देश बघ, आकडे वाच, कायदे समजून घे, मग तोंड उघड. आजच्या व्हॉट्सअॅपच्या काळात हा नियम लावला तर आपल्या ग्रुपवर शांतता पसरेल.

याच गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मधे जवळजवळ एक शतक गेलं. या क्षेत्रातल्या कामाचं फळ किती उशिरा येतं, याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

तिसरं नाव बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, हे आपल्यातल्या वकिलांना ठाऊक असेल. कमी माहीत असलेली गोष्ट १९५६ सालची आहे. त्या वर्षी १ जुलैला त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. विद्यार्थी होते पंधरा. प्रकृती ढासळलेली होती आणि डिसेंबरात ते गेलेच. पण संविधान लिहून पूर्ण झालं होतं, आणि त्यानंतर त्यांना जे करावंसं वाटलं त्यात पंधरा मुलांचा एक वर्ग होता. याची मुळं त्यांच्या संविधान सभेतल्या बोलण्यात दिसतात. संविधानाप्रमाणे वागण्याची वृत्ती माणसात आपोआप नसते, ती जोपासावी लागते, असं त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं होतं. आता जोपासायची तर कुठे? कोर्टात? तिथे माणूस भांडण झाल्यावर येतो. जोपासण्याची जागा शाळाच.

नेमकं हेच आपल्या मैत्रिणीचं म्हणणं आहे. तिला मी विचारलं, का सोडलंस? ती म्हणाली, "माझ्याकडे माणसं फार उशिरा यायची." आपल्या उपनगरांत दर दुसरी इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. तिच्याकडे येणाऱ्या कितीतरी ज्येष्ठ माणसांनी कागदांवर सह्या आधीच केलेल्या असायच्या. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, ताळेबंद बघण्याचा सभासदाला हक्क आहे, हे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात लिहिलेलं आहे. ते त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. यात बँकेतून निवृत्त झालेले होते, शिक्षक होते. ती म्हणाली, "मी त्यांच्याकडून फी घेऊन त्यांना जे सांगत होते, ते त्यांना चौदाव्या वर्षी फुकट कळायला हवं होतं."

आता माझ्या क्षेत्राचा संबंध सांगते. आमच्याकडे रात्री दोन वाजता एखादी यंत्रणा बंद पडली, तर पहिला प्रश्न 'चूक कुणाची' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हा भाग कुणाचा?' त्याची यादी लिहून ठेवलेली असते. प्रत्येक भागापुढे एका गटाचं नाव, त्यापुढे त्या रात्री जागं असणाऱ्या माणसाचं नाव, त्याने फोन उचलला नाही तर कुणाला करायचा, तेही. ही यादी नसेल तर हुशार माणसं तासन्‌तास एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

मुंबई ही त्याहून कितीतरी गुंतागुंतीची यंत्रणा. तिची यादी आपल्यापैकी किती जणांकडे आहे? दादरला वीज बेस्टची, अंधेरीला अदानीची आणि मुलुंडला महावितरणची. बस मात्र सगळीकडे बेस्टची. अंधेरीचं महापालिकेचं कार्यालय पश्चिमेला 'के पश्चिम', पूर्वेला 'के पूर्व'. बोरिवलीचं 'आर मध्य', मुलुंडचं 'टी', घाटकोपरचं 'एन'. रस्त्यावरचं गटार महापालिकेचं, कोपऱ्यावरचा पोलीस राज्य सरकारचा, स्टेशनातला जिना रेल्वेचा म्हणजे केंद्राचा. तीन सरकारं शंभर पावलांत. आणि आपण मात्र सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतो, 'सिस्टीम'. "सिस्टीमच खराब आहे" म्हटलं की कुणालाच काही विचारायला नको.

या यादीची किंमत काय, ते आपल्याच दारात बघा. अंधेरीचा तो पूल, पूर्वेकडून येणारी आपल्यातली मुलं ज्याच्यावरून शाळेत यायची, त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले पूल. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याचा पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. माणसं जखमी झाली, जीवितहानीही झाली. लगेच वाद सुरू झाला की जबाबदारी कुणाची. पूल रुळांवरून जातो म्हणून रेल्वेची, की रस्ता शहराचा म्हणून महापालिकेची? नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा पूल यांच्या उंचीत काही फुटांचा फरक आहे आणि दोन्ही जुळत नाहीत. देशभर हसं झालं. मग जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये ते जोडले गेले. संपूर्ण पूल खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

यात मला अभियंता म्हणून जॅकचं काम आवडलं, ते अवघड होतं. पण नागरिक म्हणून दुसरी गोष्ट लक्षात राहिली. मुंबई महापालिकेच्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे पूल बंद झाला तेव्हा आपल्याला नगरसेवक नव्हता आणि उघडला तेव्हाही नव्हता. भर सभागृहात उभं राहून 'दोन पूल जुळत का नाहीत' असं विचारायला आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. आपल्या घरी ट्रॅफिकवर रोज चर्चा झाली. या रिकाम्या सभागृहावर किती वेळा झाली?

आणि नावं बघा. एक पूल गोखल्यांच्या नावाचा, ज्यांनी लोकांच्या राजकीय शिक्षणासाठी संस्था काढली आणि जे पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. दुसरा बर्फीवालांच्या नावाचा. चुनीलाल बर्फीवाला हे नाव १९२६ साली मुंबईत सुरू झालेल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कामाशी जोडलेलं आहे. नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना, स्वच्छता निरीक्षकांना शिकवणारी ती संस्था आजही अंधेरी पश्चिमेला, बर्फीवाला मार्गावरच आहे. नागरिकांना शिकवणारा एक आणि नगरपालिकेला शिकवणारा दुसरा, आणि त्यांचे पूल एकमेकांना भेटत नव्हते. यावर मी अधिक काही बोलत नाही.

उलट उदाहरणही उपनगरातलंच आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या गल्लीच्या कचऱ्याचा प्रश्न महापालिकेबरोबर बसून हाती घेतला. ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात झाली. त्यातून 'एएलएम' ही पद्धत उभी राहिली, म्हणजे एका गल्लीतल्या किंवा वस्तीतल्या रहिवाशांचा गट आणि त्यांच्याशी बोलणारा महापालिकेचा ठरलेला अधिकारी. पुढे ती शहरभर गेली. जोशी लेनमधली माणसं आपल्यासारखीच. त्यांना फक्त कुणाच्या टेबलाशी जायचं ते कळलं होतं, आणि ती एकेकटी गेली नव्हती.

जगातही हा विचार चालू आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर २००६ साली निवृत्त झाल्या. आजारी पतीची काळजी घ्यायची होती. २००९ साली त्यांनी मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा उपक्रम सुरू केला. पुढे त्याचं नाव 'आयसिव्हिक्स' झालं. त्यांनी पुस्तक काढलं नाही, तर संगणकावरचे खेळ तयार करून घेतले. त्यातला एक मी खेळले आहे. त्यात तुम्ही वकिलांचं कार्यालय चालवता. एकेक माणूस तक्रार घेऊन येतो आणि तुम्ही ठरवायचं, याला संविधानाने हक्क दिला आहे की नाही. दिला असेल तर कोणता. चुकीचं ठरवलंत तर गिऱ्हाईक जातं. अर्ध्या तासात मुलं जे शिकतात ते घोकंपट्टीने वर्षात येणार नाही. २०१८ साली स्मृतिभ्रंशाचं निदान जाहीर करून त्या सार्वजनिक जीवनातून बाजूला झाल्या, डिसेंबर २०२३ मध्ये गेल्या. पण खेळ चालू आहेत.

मला असे खेळ बनवता येतात. म्हणून मी उत्साहाने मैत्रिणीला म्हटलं, आपण मराठीत करू, अंधेरीचा नकाशा घालून. ती म्हणाली, "कर, पण एक लक्षात ठेव. तुझ्या खेळात अर्ज केला की उत्तर येतं."

तिच्या वर्गात काय होतं ते तिने सांगितलं. आठवीच्या मुलांना ती वहीत चार रकाने आखायला लावते. काय बिघडलं, हे काम कुणाचं, कुणाला विचारलं, उत्तर काय आलं. मुलं शाळेच्या वाटेवरचं काहीही निवडतात. फुटलेलं गटाराचं झाकण, बंद दिवा, झाडाची वाकलेली फांदी, फेरीवाल्यांनी अडलेला पदपथ. दुसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. फेरीवाल्यांवर तर वर्गात भांडणच झालं, कारण एका मुलाचे वडील तिथेच गाडी लावतात. तेव्हा वर्गाला कळलं की चालणाऱ्याचा हक्क आहे तसा पोट भरणाऱ्याचाही आहे आणि दोन्ही बसवायचं काम सोपं नाही. पुस्तकातल्या 'हक्क व कर्तव्ये' या धड्याचा अर्थ त्या दिवशी लागला.

चौथा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. उत्तर येतच नाही. मी तिला विचारलं, मग मुलं निराश होत नाहीत? तेव्हा ती वकिलासारखं बोलली नाही, संशोधकासारखं बोलली. "तेच तर मला शोधायचं आहे," म्हणाली. "काम कुणाचं ते कळल्यावर मुलाचा सरकारवरचा विश्वास वाढतो की कमी होतो? आणि कमी झाला, तरी ते मूल पुन्हा विचारायला जातं की घरी बसतं?" या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आज नाही. मिळायला बरीच वर्षं लागतील. एवढ्यासाठी तिने काळा कोट उतरवला आहे, आणि माझ्या मते तो योग्य कारणासाठी उतरवला आहे.

आता मागणी. या मेळाव्यात माजी विद्यार्थी निधीचं काय करायचं ते ठरणार आहे. सभागृहात एसी बसवावा असा एक प्रस्ताव आहे, वर्गांत स्मार्ट बोर्ड लावावेत असा दुसरा. दोन्हींना माझा विरोध नाही, आज इथे बसून एसीला कोण विरोध करेल? मी पैसे मागतच नाही. मी वर्षातले सहा शनिवार मागते आहे.

आठवीच्या वर्गावर, शिक्षकांच्या सोबतीने, दर वेळी आपल्यापैकी दोघांनी जायचं. आपल्या बॅचमध्ये महापालिकेत काम करणारे आहेत, रेल्वेत आहेत, बँकेत आहेत, सीए आहेत, दोन डॉक्टर सरकारी रुग्णालयात आहेत, आणि वकिली न सोडलेले वकीलही आहेत. प्रत्येकाने आपल्या खात्याचं एकच काम मुलांना उलगडून सांगायचं. अर्ज कुठे येतो, कुणाच्या सहीने पुढे जातो, कुठे अडतो आणि अडला तर कायद्याने कुणाला विचारता येतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, हे प्रत्यक्ष अर्ज लिहून दाखवायचं. वर्गाचे धागे मैत्रीण जोडून देईल. मी त्या वह्यांसाठी एक साधं सॉफ्टवेअर करून देईन, म्हणजे यंदाच्या आठवीने विचारलेला प्रश्न पुढच्या आठवीला सापडेल आणि रिकामा चौथा रकाना विसरला जाणार नाही.

मुख्याध्यापिकाबाईंच्या दोन अटी आहेत आणि त्या रास्त आहेत. कुठल्याही पक्षाचा प्रचार नको, आणि मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. तिसरी अट माझी. पहिल्या शनिवारी उत्साहाने यायचं आणि दुसऱ्या शनिवारी मीटिंग आहे म्हणायचं, असं चालणार नाही. गोखल्यांनी पाच वर्षं मागितली होती, आपण सहा सकाळी मागतो आहोत.

बाहेर चहाच्या टेबलाशी एक वही ठेवली आहे. तिच्यात तीनच रकाने आहेत. नाव, कुठे काम करता, कोणता शनिवार. आपल्या मैत्रिणीचं नाव सगळ्यात वर आहे, सहाही शनिवारांपुढे. त्याखाली माझं. 'हे काम कुणाचं' याचं उत्तर त्या पानावर आपण सगळ्यांनी मिळून लिहायचं आहे.